पासात न मावणारं कुटुंब

आमच्या घरात मुंबईला फिरायला जायचं ठरलं, त्या दिवसापासून गाडीत बसेपर्यंत कुणी सुखानं भाकरी खाल्ली नाही. त्यापेक्षा रूळ सरकवायचं काम सोपं. पहारी लावायच्या, एकानं हाळी द्यायची, सगळ्यांनी एकदम जोर करायचा, की रूळ हलतो. माझ्या घरात एकदम जोर करणारं कुणी नाही. एक इकडं ओढतो, एक तिकडं, आणि मधल्या मध्ये म्हाताऱ्याचं टाळकं फिरतं.

मी रेल्वेत गँगमन होतो. रुळाखाली खडी ठोकायची, ढिलं झालेलं घट्ट करायचं, उन्हात फुगलेला रूळ ताळ्यावर आणायचा, हे काम. पाटस ते केडगाव एवढा पट्टा आमच्या टोळीकडं. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तरांनी पुढं ढकललं म्हणून. गाव भीमेच्या या काठाला, शिरूर तालुक्यात. नोकरी त्या काठाला, दौंड तालुक्यात. सायकलीवर पूल ओलांडून जायचं आणि सायकलीवरच परत यायचं. केस पांढरे झाले तवा रेल्वेनं सांगितलं, आता बसा घरी. पेन्शन दिली आणि वर्षाला एक पास दिला. पेन्शन पोटाला. पास मानाचा. साहेबाला पास मिळतो तसा मलाही मिळतो. त्याचा डबा गादीचा, माझा बाकड्याचा, एवढाच फरक. हे मी घरात कितीदा सांगितलं, पण कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

सुरुवात थोरल्या नातीपासून झाली. ती तवा सातवीला होती. परीक्षा जवळ आली होती आणि एका संध्याकाळी ती शाळेतून गाल फुगवून आली. बाईंनी वर्गात विचारलं होतं, समुद्र कुणी कुणी पाहिलाय? एका पोरीनं हात वर केला. बाकी सगळा वर्ग खाली माना घालून.

"आबा, तुमी पाहिलाय ना?" तिनं मला विचारलं.

पाहिलाय की. दरसाल सहा डिसेंबरला मी दादरला जातो, चैत्यभूमीला. आमच्या बुद्धवाड्यातली बरीच माणसं जातात. समुद्र तिथंच आहे, हाताच्या अंतरावर. पण त्या दिवशी समुद्राकडं बघतो कोण? रांगेत उभं राहायचं, डोकं टेकायचं, मिळालं तर पाणी प्यायचं आणि परत फिरायचं.

"किती मोठा हाय?"

"लय मोठा."

"भीमेपेक्षा?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी म्हणालो, "सांगून कळायचा न्हाई. सुट्टी लागू दे. तुला, तुझ्या भावाला आन् धाकटीला, तिघांना घेऊन जातो. माझ्या पासावर."

शब्द गेला. गेला तो गेला. मी तो शब्द नुसता समुद्रासाठी दिला नव्हता, हे इथंच सांगून ठेवतो. या पोरांचा बाप रांजणगावला कंपनीत. अंगात कंपनीचा ड्रेस, छातीला फोटोचा बिल्ला, न्यायला गाडी. पोरं त्याचे बूट पुसून ठेवायची. आणि आजा? आजा म्हणजे ओसरीवर बसून खोकणारा, शेळीला पाला टाकणारा म्हातारा. ती कळत्या वयाची झाली तवा माझी नोकरी संपलेली. त्यांना माझं काम ठाऊकच नाही. माझ्या पासावर बसून एकदा मुंबईला गेली, की त्यांना कळणार होतं, हा म्हातारा कोण होता. मला तेवढंच पाहिजे होतं.

सुट्टी लागली. मुलगा म्हणाला, "आबा, असं उठून जाता येत न्हाई. प्लॅनिंग करू." कंपनीत लागल्यापासून त्याला प्लॅनिंगशिवाय आंघोळ करता येत नाही. जेवणं झाल्यावर सगळे अंगणात बसले आणि मुलानं पहिल्याच घासाला खडा टाकला.

"रेल्वेनं नको. माझ्या दोस्ताची जीप हाय. दारात बसायचं, समुद्रावर उतरायचं."

"आन् खंडाळ्याच्या घाटात पोरं वकली म्हंजी?"

"पिशव्या ठेवू."

"मग मी काय पिशव्या धरायला येऊ?"

"तुमी पुढं बसा, ड्रायव्हरशेजारी. मानाची जागा."

"जीपच्या सीटवर मान मिळत असता तर सगळे ड्रायव्हर सरपंच झाले असते."

सून पदराआड हसली. मुलगा काही हसला नाही. त्यानं बोटानं जमिनीवर रेघ ओढली. "हे बघा. मुंबई हिकडं, मावळतीला. तुमी काय म्हणता? आधी केडगावला जायचं. तिथून पॅसेंजर धरून उगवतीला, उलटं, दौंडला जायचं. दौंडला मुंबईची गाडी धरायची. आन् ती गाडी परत येणार कुठनं? केडगाववरनंच! म्हंजी केडगाव दोनदा. सकाळचा सगळा वेळ केडगावला जाऊन केडगावला यायला."

"केडगावला ती गाडी थांबती का?"

"न्हाई."

"मग?"

"म्हणून तर म्हणतो जीप."

"दौंडला गाडी दम खाती. माणसं उतरत्यात, जागा मिळती. पोरांना खिडकी मिळती. गाडीत कसं बसायचं ते तू मला शिकवू नको."

चौथीतला नातू इतका वेळ रेघेकडं बघत होता. तो म्हणाला, "आबा, मुंबई तिकडं आन् आपण हिकडं जायचं. मग मुंबई अजून लांब न्हाई का जाणार?"

सगळे हसले. पोरगं बापाच्या बाजूनं बोललं म्हणून मुलगा जरा जास्तच हसला. मी विडी पेटवली.

मग कुणाला काय बघायचंय ते निघालं. नातवाला दोन मजली बस पाहिजे, तीही वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढं. सुनेला कल्याणला बहिणीकडं एक मुक्काम. "एवढं लांब जाऊन तिला भेटलं न्हाई तर ती काय म्हणंल?" आमच्या म्हातारीला चैत्यभूमी बघायची, पण गर्दी नसताना. "एकदा तरी मला तिथं सुखानं दोन घटका बसू द्या. दरवर्षी नुसती ढकलत नेत्यात, ढकलत आणत्यात." धाकटी पाच वर्षांची. ती म्हणाली, "मला हत्ती."

"राणीच्या बागेत हाय हत्ती. बसायचंय का वर?"

"न्हाई. घरी आणायचाय."

तिला नाही म्हटलं तर तिनं भोकाड पसरलं. ते थांबवायला सून म्हणाली, आणू. झालं. पुढं रोज सकाळी ती शेळीच्या दावणीशेजारची जागा झाडायची. हत्तीची. थोरली तेवढी गप्प होती. तिनं काहीच मागितलं नाही. मला तेच जास्त टोचत होतं.

तारीख ठरवणं हा आणखी वेगळा ताप. मुलाची हक्काची सुट्टी गुरुवारची, त्याला जोडून रजा घ्यायची. रजा मिळाली तर पाटाला पाणी सुटलं. आमचा तुकडा लहान, पण पाळी चुकली की उसाची वाट. पाणी झालं तर सुनेच्या माहेरी हळद. हळद झाली तर मुलाच्या साहेबानं पाळी बदलली. उन्हाळ्यात शेतकऱ्याला आणि कंपनीवाल्याला एका दिवशी मोकळं करणं ब्रह्मदेवाला जमायचं नाही, आणि मी तर ब्रह्मदेव मानतही नाही.

त्यात गावात बातमी फुटली. फुटणारच, हत्तीची जागा झाडली जात होती. मग येणारे यायला लागले.

"मुंबईला चाललाय म्हणं?"

"व्हय."

"कुणी आजारी हाय का?"

"न्हाई. फिरायला."

"फिरायला?"

जणू मी सांगितलं, दारू प्यायला चाललोय. आमच्याकडं माणूस शहरात जातो तो दवाखान्यात, कोर्टात, नाहीतर मयताला. नुसतं फिरायला जाणारा म्हणजे रिकामा माणूस. आणि रिकाम्या माणसाच्या हातात पिशवी द्यायला काय हरकत? "चाललाच आहात तर एवढं बाजरीचं पीठ आमच्या पोराला पोचवा." "चाललाच आहात तर मोटारीचं एक बेरिंग बघा, हितं शिरूरला मिळत न्हाई." एका बाईनं तर जिवंत कोंबडी आणली. तिच्या नणंदेचा पोरगा घाटकोपरला की कुठं राहतो, त्याला गावरानच लागते म्हणे. मी म्हणालो, "मावशे, रेल्वेत कोंबडीला तिकीट लागतं." ती म्हणाली, "तुमचा पास हाय की!"

गावाला माझ्या पासावर कोंबडी बसलेली चालते, आणि हापिसाला माझी नातवंडं चालत नाहीत. त्याचंच आता सांगतो.

पास आपसूक घरी येत नाही. दौंडच्या हापिसात जायचं, सांगायचं, मग लिहून मिळतो. मी निघालो तर म्हातारी म्हणाली, मी पण येते, बांगड्या भरायच्यात. दोघं गेलो. तिथं एक नवा पोरगा बसलेला, चष्मेवाला, बोलायला गोड. मला आजोबा म्हणाला, खुर्ची दिली.

"कुठं जायचंय आजोबा?"

"मुंबई. जाऊन येऊन. लिव्हा. मी, ही, पोरगा, सून आन् तीन नातवंडं."

त्यानं पेन खाली ठेवलं. "आजोबा, पास तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला."

"तेच सांगतोय. सात जणं."

"कुटुंब म्हणजे ह्या." त्यानं म्हातारीकडं हात केला.

"ही तर हायच."

"ह्याच. बाकी कुणी नाही. लग्न झालेला मुलगा कुटुंबात येत नाही. सून येत नाही. नातवंडं तर नाहीतच."

मला आधी वाटलं पोरगं चेष्टा करतंय. नोकरीत होतो तवा हाच मुलगा माझ्या पासावर बसला होता, मांडीवर. तोच मोठा झाला तर बाहेर कसा? माझ्या डोक्यात पास म्हणजे घर. घरात जेवढी माणसं वाढली, तेवढी पासात वाढणार.

"मग नातवंडं कुणाची?" मी विचारलं.

"ती त्यांच्या वडिलांच्या कुटुंबात."

"आन् त्यांचा बाप कुणाचा?"

"त्यांचं कुटुंब वेगळं."

"एका चुलीवर जेवत्यात सगळी! या आन् बघा. भाकरी थापायला हिचा हात दुखतो."

"आजोबा, नियम मी केलेला नाही."

"तुमी न्हाई केला, मी न्हाई केला. मग ज्यानं केला त्याला नातवंडं न्हाईत का?"

आजूबाजूचे कारकून हसायला लागले. त्या पोराचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. मी मनात म्हटलं, गड्या, तू टोळीत पाहिजे होतास, पहार धरायला.

आमच्या वडिलांच्या वेळी माणूस चारचौघांत बायकोचा उल्लेख करताना 'आमचं कुटुंब' म्हणायचा. 'आमचं कुटुंब आजारी हाय' म्हणजे बायको आजारी. आम्ही ते सोडून दिलं. कुटुंब म्हणजे सगळं घर, असं आम्ही धरून चाललो. आणि तो जुना शब्द इथं हापिसात कपाटात जिवंत बसला होता, मला ठाऊक नाही!

म्हातारी इतका वेळ ऐकत होती. ती पुढं सरकली. "म्हंजी दादा, सरकारात ह्यांचं कुटुंब म्हणून मी एकटीच?"

"हो आजी."

"पोरगा न्हाई, सून न्हाई?"

"नाही."

"मग माझं तेवढं लिव्हा." आणि माझ्याकडं वळून, "अवो, रागं कशाला भरता? कुणाला तरी ठाव हाय की मी कोण ते."

मी तिला उठ म्हणालो. ती उठली नाही. तिनं तिथं बसून दोघांचा पास लिहून घेतला, घडी घातली आणि पदराच्या टोकाला बांधला. बाहेर आल्यावर मी विचारलं, हे काय केलंस? तर उभ्या रस्त्यात मलाच म्हणाली, "उभ्या जन्मात तुमच्या पासावर मी कशाला गेले? भाऊ वारला तवा सोलापूरला. तुमची आई आजारी पडली तवा पुण्याला. रडत गेले आन् रडत आले. फिरायला म्हणून एकदा तरी बसू द्या मला त्याच्यावर." आणि बांगड्या भरायला गेली.

घरी आलो तर मुलगा वाटच बघत होता. मी काही बोलायच्या आधी म्हातारीनं सगळं सांगून टाकलं. तो हसला. फार नाही, एवढंसं. मग म्हणाला, "मग आबा, सांगू का जीपवाल्याला?"

त्या एवढ्याशा हसण्यानं माझ्या डोक्यात असली तिडीक गेली की काय सांगू. मी म्हणालो, "रेल्वेनंच जायचं. तिकीट काढून. तिकीट मी काढणार."

"बरं. पोरांचं आन् आमचं काढू. तुमचा दोघांचा तर पास हाय."

"माझंबी काढणार."

"का?"

"पोरं तिकिटावर आन् मी पासावर? म्हंजी गाडीत मी रेल्वेचा आन् ती परकी?"

"आबा, गाडी तीच, डबा तोच, बाकडं तेच!"

"कागद वेगळा."

मुलानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. सून म्हणाली, "जाऊ द्या ना, आबांचं पण." म्हातारी म्हणाली, "माझं तिकीट काढलं तर फाडून चुलीत घालीन." आणि पदराची गाठ चाचपली. त्या दिवशी घरात कुणी कुणाशी नीट बोललं नाही. धाकटीनं तेवढं हत्तीला प्यायला पाणी भरून ठेवलं.

मला सगळ्यांनी हट्टी ठरवलं. ठरवू दे. फुकटाचं मिळतंय म्हणून एकट्यानं घ्यायचं आणि पोरांना दाराबाहेर ठेवायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण खरं सांगायचं तर मी आतून पार चिडून गेलो होतो. पासाचं नाव करून ज्यांना न्यायचं, तीच पासात नाहीत. आता पोरांना दाखवायचं काय? तिकीट तर कुणीही काढतं.

शेवटी मुलानंच हात टेकले. जीप नको, रेल्वे. कल्याणचा मुक्काम धरला, बेरिंग सोडलं, कोंबडी परत गेली. बाजरीचं पीठ तेवढं डोक्यावर बसलं. म्हातारीनं आणि सुनेनं दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी एवढी बांधली की मी विचारलं, "मुंबईत दुष्काळ पडलाय का?" तर म्हातारी म्हणाली, "तिथं वडापावला काय मागत्यात ठाव हाय का?" जणू ती रोज खाते.

पहाटेच्या एसटीनं केडगाव, केडगाववरून पॅसेंजर, उलटं दौंड. मुलगा गाडीत बसल्यापासून एक शब्द बोलला नाही, पण पाटस आलं तवा माझ्याकडं असा बघत होता की बोलला असता तर बरं झालं असतं.

दौंडला तिकिटाच्या खिडकीवर मी उभा राहिलो. आतल्या माणसानं विचारलं, "मुलांची वयं?"

नातवाचं नववं, अर्धं तिकीट. धाकटीचं पाचवं नुकतं सरलेलं, तिचंही अर्धं. थोरलीचं विचारल्यावर म्हातारीनं मागून माझा सदरा ओढला. "अकरा सांगा," ती कुजबुजली. "अंगानं बारीकच हाय."

बाराच्या वर गेलं की पूर्ण तिकीट, हे मला काय सांगायला पाहिजे? पण मी तोंड उघडायच्या आत थोरलीच खिडकीशी गेली. टाचा उंच करून म्हणाली, "तेरावं चालू हाय. माझं पूर्ण द्या."

मुलगा पुटपुटला, "आबांचंच रक्त." मी ऐकलं नाही असं दाखवलं. पण ते सगळ्या प्रवासातलं पहिलं बरं वाक्य होतं.

गाडी आली. मी म्हटलं होतं तसंच झालं. माणसं उतरली, खिडकीकडची दोन बाकडी मिळाली. मी मुलाकडं बघितलं. त्यानं बघितलं नाही. फलाटावरनं त्यानं पोरांना भाजलेल्या शेंगा घेऊन दिल्या आणि पोरं खिडकीवरून भांडायला लागली. नातू म्हणे मी आधी बसलो, धाकटी म्हणे हत्ती मलाच पहिला दिसला पाहिजे. थोरलीला बाजूला सारून दोघं एकाच गजाला लोंबकळली.

गाडी सुटली आणि थोड्या वेळानं टीसी आला. मी तिकिटं पुढं केली. त्यानं माणसं मोजली. "सात जण. तिकिटं सहा."

"हे घ्या," म्हातारी म्हणाली आणि दातानं पदराची गाठ सोडायला लागली. ती काही सुटेना. टीसी उभा. सगळा डबा बघतोय. शेवटी गाठ सुटली, पास निघाला, घामानं जरा ओला.

टीसीनं वाचला. "बाबा, यात तुम्ही पण आहात की. तुम्ही तिकीट कशाला काढलं?"

मी बाहेर बघायला लागलो. मुलगा म्हणाला, "साहेब, ते विचारू नका. तुम्हाला पुढच्या डब्यात जायचं असंल."

"गँगमन व्हते हे," म्हातारीनं सांगून टाकलं. "नातवंडं पासात बसंनात म्हणून रुसले."

"रुसलो न्हाई," मी म्हणालो.

टीसी हसला, तिकिटांवर खूण केली आणि म्हातारीला म्हणाला, "आजी, पास नीट ठेवा." म्हातारीनं पुन्हा गाठ मारली, आधीपेक्षा घट्ट. येताना तिला किती वेळ लागणार, ते मला तिथंच दिसलं.

पाटस मागं गेलं. आता माझा पट्टा सुरू झाला. खडीचा आवाज मला पायाखालनं कळतो. मी पोरांना म्हणालो, "आता नीट बघा. हितनं केडगावपर्यंत सगळं माझं."

नातवानं बाहेर बघितलं. "शेतं?"

"शेतं न्हाई. रूळ."

"रूळ कुठं दिसतोय, आबा? तो तर गाडीखाली हाय."

मी कपाळावर हात मारला. सगळा जन्म ज्याच्यावर गेला, ते गाडीत बसल्यावर दिसतच नाही! पोरगं खरं बोललं होतं. काय दाखवणार? बाभळी? तारेचे खांब? उसाचे मळे मागं पळत होते आणि पोरं आता शेंगांवरून भांडत होती. मुलगा डुलक्या घेत होता. मला वाटलं, संपलं. मुंबईला जाऊन ती समुद्र बघतील, बस बघतील, हत्ती बघतील. म्हातारा खोकणारा तो खोकणाराच राहणार.

तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली आणि वेग जरा कमी झाला. कडेला टोळी उभी होती. काम थांबवून, खडीच्या उताराला सरकून, पहारी-फावडी हातात धरून माणसं गाडी जायची वाट बघत होती. तोंडाला फडकी, अंगावर धूळ. ऊन तर विचारू नका.

"ती कोण माणसं?" नातवानं विचारलं.

"मी," मी म्हणालो.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी तर हितं बसलाय."

"आता बसलोय. आधी तिथं उभा असायचो. गाडी आली की बाजूला व्हायचं, गेली की पुन्हा ठोकायला लागायचं."

"असंच, उन्हात?"

"उन्हात, पावसात. रूळ काय छत्री धरून बसतो का?"

थोरली वाकून बघायला लागली. धाकटीनं त्या माणसांना हात केला, तर एकानं फावडं वर केलं. नातू विचारात पडला होता. त्याचा हात खिडकीबाहेर होता, मूठ झाकलेली.

"आन् गाडीतली लोकं काय करायची, आबा? हात करायची?"

"हात कोण करतंय? केळ्याची सालं टाकायची. शेंगांची टरफलं. पानाच्या पिचकाऱ्या."

"तुमच्या अंगावर?"

"मग? आमी खालीच की."

त्यानं मूठ आत घेतली. मुठीत टरफलं होती, टाकायच्या बेतात होता. आता ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना. बाकड्यावर ठेवावी तर धाकटी बसलेली, खाली टाकावी तर आजी ओरडणार. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबली. मग धाकटीच्या हातातली घेतली, तीही कोंबली. थोरलीनं आपली आपण आणून टाकली.

मुंबईला जायचं म्हणून शिवलेला नवा कोरा सदरा. कल्याण येईपर्यंत त्याचा खिसा फुगून लोंबायला लागला, आणि मी तसाच बसून राहिलो.